फुल की हाफ

शिमग्यातली दुपार. मी पडवीत
सुट्टे मोजत बसलो होतो.
एकतीस वर्षं गुहागर आगारात कंडक्टर,
नोकरी सुटली, सुट्ट्यांची सवय सुटली नाही.

वाटीत दोन-दोनची नाणी. बारकी पोरं येतात,
तोंडाला काजळ, कुणाला कापसाची दाढी,
कुणी आईचा परकर गळ्यापर्यंत ओढून गोमू झालेलं,
डबा बडवतात, पोस्त मागतात,
नाणं पडलं की पुढच्या घरी.
त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

या साली त्यांच्या मागे एक संकासूर उभा.
काळा पायघोळ, कमरेला घुंगरं,
आणि टोपीचं टोक माझ्या वळचणीला लागलेलं.
भाजीच्या वाफ्यात माड उगवावा तसा.
नाचला बरा. पाय हलका.
मग त्यानंही हात पुढे केला.

म्हटलं, 'वय?'
गप्प. सोंगानं बोलायचं नसतं, त्याला ठाऊक.

किती बायका पाहिल्या मी, मांडीवर
मिसरूड फुटायला आलेला मुलगा घेऊन
'बारा पुरी कुठे झालीत, मास्तर' म्हणणाऱ्या.
पोर पाय दुमडून खिडकीबाहेर बघायचं, कान लाल.
आणि वर्षभरानं तेच पोर
एकटं चढायचं त्याच गाडीत,
कुणी न विचारता छाती काढून सांगायचं,
'एक फुल, शृंगारतळी.'

'अरे घोड्या, दहावीला ना तू? पेपर कधी?'
दाढीआडून आवाज आला,
अर्धा वर, अर्धा खाली, चिरलेल्या सनईसारखा:
'भूमिती. परवा.'
बारकी फिदीफिदी हसली.
तेव्हा कळलं, हा डिंगणकरांचा तन्मेश.

'लाज नाही वाटत, यांच्या ओळीत उभा राहतोस?'

'सकाळी पालखीला खांदा लावायला गेलो,
बाबल्याकाका म्हणाले, हो मागे, देव पाडशील,
अजून कोवळा आहेस.
नमनवाल्यांना विचारलं, म्हणाले पुढच्या साली बघू.
इथे तुम्ही म्हणता घोडा.
मग मी शिमगा करू कुठे, मास्तर?'

एवढ्या मोठ्यानं बोलला
की दाढी एका कानावरून सुटली.

माझ्याकडे या प्रश्नाचं तिकीट नव्हतं.
पाच ते बारा, अर्धं. त्यावर पूर्ण.
मधे थांबा नाही. महामंडळानं
पंधरा वर्षांचं काही छापलेलंच नाही.

आतून ही म्हणाली,
'द्या की. चाळिशीतले बापे रस्त्यात दोर धरून
मुंबईच्या गाड्या अडवतात,
त्यांना कुणी वय विचारलंय कधी?'

खरं होतं ते.
मी दहाची नोट काढली, मोठा म्हणून.
त्यानं मान हलवली. वाटीकडे बोट.
बारक्यांना दोन, तर मलाही दोन.
नाणं घेतलं, डब्यात टाकलं, सगळ्यांच्यात,
दाढी कानाला पुन्हा अडकवली.

वईपाशी गावणंगांचा कुत्रा भुंकत होता.
गोमू झालेली आर्वी परकरात अडखळून रडायला लागली.
त्यानं तिला उचलून खांद्यावर घेतलं,
टोपी तिच्या हातात दिली,
आणि घुंगरं वाजवत, तिला जरा हेलकावे देत
बांधावरून निघाला.
बाबल्यानं पाहायला हवा होता.
पाडली नाही त्यानं तिला.

संध्याकाळपर्यंत ऐकू येत होती घुंगरं,
आधी खालच्या वाडीत, मग खाडीच्या अंगाला.
मी हिशोब जुळवला, वाटीत तीन नाणी उरली.
दोन डब्यात टाकली, एक वेगळं ठेवलं,
पुढच्या सालासाठी.
सोंग होऊन आला तर त्याच्या हातावर,
पालखीखाली आला तर पालखीत.
वय विचारणार नाही.
म्हणजे, विचारीन बहुतेक.
तोंडातून निघून जातं.