रुमालाखालचा भाव

बाबांच्या उजव्या तळव्याला हळद कायमची.
सांगलीच्या यार्डात राजापुरीच्या ढिगापुढे
उमेदीची वर्षं त्यांनी रुमालाखाली बोटं धरली.
किती धरली, किती दाबली, त्यावर भाव.
बघणाऱ्याला नुसतं कापड हलताना दिसायचं.
आता भाव उघड्यावर पुकारतात.

परवा मिरजेत मगदूम डॉक्टरांनी रिपोर्ट पुढं सरकवला.
म्हणाले, जनुक म्हणजे नुसता माल.
तो कुठल्या पेशीत, कधी, किती सोडायचा
हे ठरवणारं एक प्रथिन असतं,
डीएनएला बिलगून, बोटं धरल्यासारखं.
मी म्हटलं, रुमालाखाली?
ते हसले. त्यांचे वडीलही अडत्ये.

तुझ्यात त्याचं एक बोट वाकडं आहे, सन्मती.
स्वादुपिंडाच्या दारात साखर उभी राहते,
आत निरोपच पोचत नाही.
मूत्रपिंडातही तेच बोट,
म्हणून साखर गळते.

मला आमचं परसदार आठवलं.
आजोबा आदगोंडा, सूर्य बुडायच्या आत जेवणारे,
बिनसाखरेचा चहा पिणारे,
आणि मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग.

आणि पद्माआत्या.
कवठेपिरानला दिलेली, काडी नुसती,
एकतिसाव्या वर्षी गेली.
सुतकातच तिची सासू म्हणाली,
चोरून खायची. डब्यातले गुळाचे खडे
मोजून ठेवायचे मी.

गुळाचे खडे मोजले. रक्त कोणी मोजलं नाही.

चौदाव्या वर्षापासून मी पोटात सुई टोचत आले,
दिवसातून चारदा.
आता एक गोळी, तीही अर्धी.
ती पुढचं दार सोडून
मागच्या दारानं इन्सुलिन बाहेर काढते म्हणे.
डॉक्टर म्हणाले, अर्ध्या हळकुंडानं पिवळी होऊ नकोस,
सुई मी सांगेन तशी कमी करायची,
साखर रोज तपासायची, वहीत लिहायची.

संध्याकाळी यार्डात बाबांना सगळं सांगितलं.
एका अक्षराची चूक, आजोबांकडून आलेली,
तुम्हाला चुकवून नव्हे, तुमच्यातूनच.
तुमचंही रक्त द्यायचंय.
ते रिपोर्ट उलटा-सुलटा बघत राहिले.
मग विचारलं एवढंच :
म्हणजे पद्मीनं खाल्लं नव्हतं?

नाही.

तिच्या सासूला जाऊन सतरा वर्षं झाली.
सांगायचं तरी कुणाला.

बाबांनी ढिगातलं एक हळकुंड उचललं,
कटकन मोडलं,
आतला रंग बघितला,
आणि दोन्ही तुकडे
माझ्या हातावर ठेवले.