साक्षीला बटणं

वायडोटस गाडी आणतो हॅनोव्हरहून, रात्रभर चालवत,
आणि सकाळी माझ्या स्वयंपाकघरात
पावाच्या टोपलीशेजारी ठेवतो
हीटर-एसीची पट्टी, तारा लोंबत असलेली.
"मावशी, शनिवारपर्यंत."

मीटरवर एक लाख अठरा हजार.
ते त्याचं काम, मी विचारत नाही.
मीटर दहा मिनिटांत मागे येतो,
बटणं येत नाहीत.
त्यांच्यासाठी मी लागते.

स्पिरिटचा बोळा फिरवला की
चिकटलेला काळा थर सुटतो, काकवीसारखा.
खाली पांढरं प्लास्टिक, दुधाचा दात.
मग पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर, आधी पंधराशेचा, मग दोन हजारचा,
मग काळ्या रंगाचे तीन पातळ हात, श्वास रोखून.
वाळल्यावर सुईच्या टोकानं
खरवडून मोकळी करायची चिन्हं,
म्हणजे अंधारात त्यांतून उजेड येतो:
पंखा. हिमकण. काच आणि तिच्यावर चढणाऱ्या तीन वाफा.
बसलेला माणूस, ज्याला डोळे नाहीत,
बाण मात्र दोन,
एक तोंडावर, एक पायांवर.

बत्तीस वर्षं मी घड्याळांच्या तबकड्यांवर
मिनिटांच्या रेघा ओढल्या.
कारखाना बंद झाला तेव्हा
प्रत्येकीला एकेक घड्याळ दिलं.
माझं रोज चार मिनिटं मागे पडतं. पडू दे.

पण पुसण्याआधी मी वाचते.
ह्या गाडीत हिमकण कोरा करकरीत,
गारवा कुणी मागितलाच नाही.
चालवणाऱ्याच्या बाजूचं सगळं ठीकठाक.
शेजारच्या सीटचं 'अधिक' मात्र पार गेलेलं,
आणि झीज आहे डाव्या कडेला.
म्हणजे दाबत होता चालवणाराच,
हात लांब करून, दुसऱ्या कुणासाठी.
कोण बसायचं तिथं? पाय गार पडणारी आई?
दवाखान्याच्या फेऱ्यांना कंटाळलेलं कुणी?
की म्हातारं कुत्रं, काचेला नाक लावून?
एवढी झीज एका लाखात होत नाही.
चार लाख, थोडं इकडेतिकडे.
मला कळतं. वायडोटसला कळतं.
मारियाम्पोलेच्या बाजारात शनिवारी येणाऱ्या पोराला
कळलं असतं,
मी नसते तर.

मागच्या थंडीत स्काइस्ते नावाच्या नर्सनं
आमच्याकडची एक घेतली.
"किती जपून वापरलीय हो," बटणांवरून बोट फिरवत म्हणाली.
मी तिच्या कॉफीत दूध घातलं. म्हणाले, "हो ना."
फेब्रुवारीत काल्वारियाच्या रस्त्यावर गिअरबॉक्स गेला,
रात्रपाळीहून परतताना.
दोन तास उभी होती म्हणे.
हीटर चालू होता, हे वायडोटसनं
दोनदा सांगितलं.

तेव्हापासून प्रत्येक बटणाच्या पोटात,
जिथं रंग जात नाही, नजरही जात नाही,
मी सुईनं लिहून ठेवते माझा अंदाज.
चार लाख दहा. तीन नव्वद.
अक्षर अजून तबकडीवरचंच, बारीक आणि सरळ.
कुणी उघडलं तर वाचेल.
कोण उघडणार?
हे प्रायश्चित्त नाही, मला माहीत आहे.
पैसे मी घेतेच. एका पट्टीचे चाळीस युरो,
आणि बटाटे तो आणून देतो.

ओळखपत्र नवं करायला गेले तर
कार्यालयातलं यंत्र माझं बोट ओळखेना.
"पुन्हा ठेवा." पुन्हा ठेवलं.
स्पिरिटनं रेघा खाल्ल्यात.
समोरच्या मुलीनं विचारलं, काम काय करता?
म्हटलं, झीज काढते.

शनिवारी अंधारातच वायडोटस पट्टी बसवतो.
बाहेर उणे अकरा. किल्ली फिरते,
आणि सगळी चिन्हं एकदम उजळतात, कालच जन्मल्यासारखी.
मी चालवणाऱ्याच्या जागी बसते,
हात लांब करते,
पलीकडचं 'अधिक' दाबते, डाव्या कडेला.
बावीस. तेवीस.
शेजारी कुणी नाही.
चोवीस.
"मावशी," खिडकीशी येऊन तो म्हणतो,
"बॅटरी उतरेल."