टोचणी

फॉर्ममध्ये एक चौकट आहे:
आधी कधी नापास झालात का? कारण लिहा.
मेकलितनं तीनदा लिहून खोडलं.

वरच्या मजल्यावरचा योनास म्हणतो,
आई आजारी होती म्हण, सगळे तेच म्हणतात.
तिची आई तिकडे गोंदरमध्ये ठणठणीत,
रोज फोनवर विचारते, जेवलीस का.

खरं इतकंच, की वेळ संपली.
अकरा प्रश्न कोरे राहिले, स्क्रीन आपोआप विझली,
आणि बाहेर टोलेडोत लख्ख ऊन होतं,
पार्किंगचे पैसे भरायचे होते.

पहाटे पाचला ती वॉर्डात रक्त काढायला जाते.
वोझ्नियाक आजोबांची शीर सापडत नाही,
सुई आत जाते, नुसतीच.
सॉरी, ती म्हणते.
टीव्हीवरची नजर न काढता
ते दुसरा हात पुढे करतात.

नळी भरते. लेबलवर
नाव, तारीख, वेळ.
कितव्यांदा, ते लिहायला जागाच नाही.

घरी येऊन बूटही न काढता
ती चौकटीत लिहिते:
मला वेळ पुरला नाही.
मग बसून राहते बराच वेळ,
कारण खाली अजून
दोनशे शहाण्णव शब्दांची जागा उरलीय.