वीस मिनिटं, दिवसातून दोनदा

गुरू म्हणावं असा कुणी नव्हता तो.
ओस्लोहून आठवड्यापुरता आलेला येर्मुन्द,
शाळेत लाकूडकाम शिकवायचा,
बोटांना सरसाचा वास.
व्यायामशाळेतल्या गाद्यांवर आम्हा नऊ जणांना बसवून
त्यानं एकेकाच्या कानात एकेक शब्द सोडला
आणि म्हणाला : वीस मिनिटं. दिवसातून दोनदा.
सूर्य उगवायच्या आधी, मावळायच्या आधी.
शब्द कुणाला सांगायचा नाही,
नवऱ्यालासुद्धा.

आमचं आभाळ त्याला ठाऊक नव्हतं.
इथं नोव्हेंबरात सूर्य जो जातो
तो जानेवारी उतरणीला लागल्यावर तोंड दाखवतो,
आणि मे महिन्यात एकदा चढून बसला
की जुलै सरेस्तोवर मावळायचं नाव घेत नाही.
मी पत्र टाकलं : डिसेंबरात बसू कधी?
जूनमध्ये उठू कधी?
उत्तर आलं नाही.

मग मी बटाट्यांवर ठरवलं.
पातेलं शेगडीवर, चिमूटभर मीठ, डोळे बंद.
बटाटे शिजायला वीस मिनिटं लागतात,
थोराड असतील तर बावीस.
त्या वरच्या दोन मिनिटांचा हिशेब
कुणी कधी मागितला नाही.
सकाळचे बटाटे डब्यात जायचे,
कॉड चिरणाऱ्या बायका म्हणायच्या,
आस्लाउग, तुला दुसरं काही येतं की नाही?

त्रेचाळीस वर्षं.
मधे खाडे झाले, खोटं कशाला बोलू.
सिग्रिदचा गोवर. कारखान्याचा संप.
आणि एक अख्खं वर्ष,
ज्याबद्दल मी बोलत नाही.
एकदा हट्टानं दीड तास बसले,
कुठं तरी लवकर पोचावं म्हणून.
पोचले कुठंच नाही. पातेलं करपलं,
डोकं दोन दिवस ठणकत राहिलं,
आणि ओडवार दारातून विचारत राहिला,
"काय पुटपुटतेस गं तिथं बसून?"
"बटाटे मोजतेय," मी म्हणायचे.

आता तो आश्रमात असतो, बंदराकडची खोली.
मला ओळखतो,
कधी बहीण म्हणून, कधी कारखान्यातली मुकादमीण म्हणून.
पोरीचं नाव गेलं, बोट विकल्याचं गेलं,
तो प्रश्न तेवढा शाबूत आहे.
"काय पुटपुटतेस गं?"

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी सांगून टाकलं.
वाकून, कानात,
येर्मुन्दनं सोडला होता तसा.
ओडवार हसला. "एवढंच?"
दुपारच्या कॉफीपर्यंत
तो शब्द त्याच्यात कुठंच नव्हता.
म्हणजे गुपित गुपितच.
संध्याकाळी त्यानं पुन्हा विचारलं.
मी पुन्हा सांगितलं.

तेव्हापासून
सकाळ म्हणजे मी बसमधून उतरते ती,
संध्याकाळ म्हणजे नर्स गोळ्या आणते ती.
बाहेर दोन्ही वेळा सारखाच काळोख.
कधी वीस मिनिटं भरतात, कधी चारच.
कधी तो शब्द ऐकता ऐकता झोपी जातो
आणि माझा हात त्याच्या पाठीखाली अडकून राहतो,
तेव्हा किती वेळ गेला
ते मुंग्यांना विचारावं लागतं.

परवा सूर्य परत आला.
शाळेनं पोरांना टेकडीवर सोडलं,
आश्रमात जाम भरलेले गोड पाव वाटले.
खिडकीत तो अर्धाच दिसला, थोडा वेळच.
ओडवारच्या मिशीला साखर लागली होती.
मी वाकायच्या आधीच
त्यानं तो शब्द उच्चारला.
चुकीचा. मधे एक जास्तीचं अक्षर,
त्याच्या विकलेल्या बोटीच्या नावातलं.

आज बटाटे लावून बसले.
ते अक्षर काढून टाकलं नाही.
बावीस मिनिटं लागली.