गळालेल्या फ्रेम : शून्य

तार्तूत जानेवारीत चारलाच दिवे लागतात.
ऊर्मास पार्टेल दुकानात आला तेव्हा
संगणक लोकरी शालीत गुंडाळलेला,
आजारी मांजर आणावं तसा.
त्याला ऐकू येत नाही,
मला हातांची भाषा येत नाही,
म्हणून मध्ये एक वही.
त्यानं लिहिलं : बहीण अडखळते.
मी लिहिलं : बहीण, की व्हिडिओ?
त्यानं खांदे उडवले.

सारेमा बेटावरून लेहते
दर रविवारी त्याला पत्र पाठवते. कागदाचं नाही, हातांचं.
नातवानं दिलेला नवा फोन, न विचारताच सगळं फोर-केमध्ये टिपतो,
सेकंदाला साठ फ्रेम,
जुनिपरच्या झुडपाची सुई न् सुई.
आणि हे यंत्र आठ वर्षांचं.

लावून पाहिलं. लेहते अंगणात.
हात उचलला, थिजली,
मग एकदम तिसऱ्याच वाक्यात उगवली.
तुमचं-माझं चित्र अडलं तरी आवाज पुढे चालत राहतो.
त्यांचा आवाजच चित्रात.
दहा फ्रेम गळल्या की आख्खं ‘नाही’ गळतं,
कारण ‘नाही’ म्हणजे मान एवढीशी हलणं.

पंखा घरघरत होता.
ऊर्मासनं तळवा टेबलावर टेकवला,
लाकडातून त्याला ते कळतं.
वहीत : हा बिचारा रोज असाच थरथरतो.

दुखणं साधं होतं.
घट्ट घडी घालून आलेला व्हिडिओ
प्रोसेसर एकटाच उलगडत बसलेला, सत्त्याण्णव टक्के,
आणि शेजारच्या खोलीत धडधाकट भाऊ झोपून :
ग्राफिक्स चिप, शून्य टक्के.
याच कामासाठी जन्मलेला,
पण कुणी हाकच मारली नव्हती.

ड्रायव्हर नवा टाकला.
प्लेअरच्या सेटिंगमध्ये पार तळाशी
हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनचा चौकोन रिकामा होता.
टिचकी मारली.

प्रोसेसर नऊवर उतरला.
पंखा थांबला.
ऊर्मासनं तळवा उचलला, पुन्हा ठेवला,
नाडी सापडत नसल्यासारखा.

आणि पडद्यावर
एक समुद्रपक्षी डावीकडून उजवीकडे
कुठेही न तुटता गेला.
मासे धुरावायच्या खोपटातून धूर निघाला, वळला, विरला.
दोरीवरची चादर फुगली,
आधीच्या त्या धक्क्यांचं नावही नाही.

फक्त लेहतेचा उजवा हात.

अंगठा आणि शेजारचं बोट
काहीतरी मोजत असल्यासारखी.
मला वाटलं, काहीतरी राहिलंय.
केबल बदलली. पडद्याचा वेग तपासला.
दुसरा प्लेअर. तोच अंगठा.
आकडेवारीची खिडकी उघडली :
गळालेल्या फ्रेम, शून्य.
मागे नेऊन परत. शून्य.
चादर सुरळीत. धूर सुरळीत.

तो केव्हाचा पाहत होता.
माझ्या हातातून माऊस घेतला,
मागचा रविवार लावला. त्याच्या मागचा.
नाताळचा, मेणबत्ती लावतानाचा
(तीन काड्या लागल्या).
नोव्हेंबर. ऑक्टोबर.
सप्टेंबरमध्ये हात स्थिर होता,
ती सफरचंदं सोलत होती आणि मधूनमधून बोलत होती,
सुरी हातात धरूनच.

वही बराच वेळ कोरी राहिली.
मग त्यानं लिहिलं :
तो चौकोन परत रिकामा करता येतो का?
मी उत्तर शोधेपर्यंत
त्यानंच ती ओळ खोडली,
पेन कागदातून आरपार गेलं.

खाली लिहिलं : विर्त्सूची पहिली बोट किती वाजता?

मी शोधून सांगितलं.
मजुरी विचारली नाही, मीही सांगितली नाही.
शाल घेतली, झटकली,
नीट चौपदरी घडी करून काखेत धरली.
संगणक राहू दे इथेच, असं हातानं दाखवलं,
ती एकच खूण मला समजली.

अजून टेबलावर आहे.
मधूनच चालू करते.
पंखा फिरत नाही.