नमुना क्रमांक सतरा

ओलवण मागं पडल्यावर, दाजीपूरच्या वाटेला,
बिरू येडगेनं काठीच्या टोकानं दाखवली विष्ठा.
करंगळीएवढी. तिच्यात उंदराचे केस.
"वाघाटीच. तीनदा बघितलीया मी हितं.
पण मॅडम, ती फोटूला येत न्हाई,
कोंबडीला येती."

चिमट्यानं उचलून नळीत भरली,
झाकणावर सतरा लिहिलं, खाली तारीख,
आणि कॅमेरा मांडीवर घेऊन
करवंदीच्या जाळीआड बसले पहाटेपर्यंत.
गवे आले. साळिंदर आलं.
एक ससा तर इतका जवळ आला
की लेन्सला तो दिसेचना.
वाघाटी आली नाही.
सकाळच्या एसटीनं कोल्हापूर,
मानेत लचक, कार्डात चारशे फोटो गवताचे.

घरी दोघी दारातच.
काकवी : रंगानं काकवी, वागायलाही तीच,
एकदा अंगावर सांडली की पुसून निघत नाही.
आणि भडंग : काळं, तांबूस, पांढरं,
कुणी पुडी उपडी केल्यासारखं अंग.
वर्गात मी हिचाच फोटो लावते.
पिल्लू आईच्या पोटात असतानाच, मुलांनो,
एकेक पेशी ठरवते
दोन एक्सपैकी कुणाला निजवायचं.
तांबडा जागा राहिला तिथं तांबडं,
काळा जागा राहिला तिथं काळं.
पांढऱ्याची गोष्ट वेगळी, ती पुढच्या तासाला.
अकरा वर्षं सांगतेय,
अजून सांगताना हसू येतं.

प्रयोगशाळेत मात्र हसत नाही.
हातमोजे, कोट, श्वाससुद्धा बेतानं.
वीज गेली की उणे ऐंशीच्या फ्रीजरला
कान लावून उभी राहते जनरेटर लागेपर्यंत,
सीपीआरच्या जिन्यात
नातेवाईक उभे असतात तशी.

मंगळवारी निकाल आला.
सतरा : घरमांजर.
शेजारच्या टेबलावर तौसीफ मुजावर आधी हसला,
मग त्यानं जेलचा फोटो पुन्हा उघडला
आणि बोट ठेवलं शेवटच्या रांगेवर.
ती रांग नुसत्या पाण्याची.
तिथं काहीच उमटायला नको.
तिथं एक पट्टी होती, फिकट,
दुधाचं बोट काचेवर ओढल्यासारखी.
मागच्या आठवड्यात मी ती बघितली होती,
म्हणजे बघितली नव्हती.

तौसीफ काही बोलला नाही.
माझ्या स्वेटरच्या बाहीवरून
एक तांबूस केस उचलून त्यानं
माझ्यासमोर टेबलावर ठेवला, सरळ करून.

शिस्त असती तर एवढ्यावर संपलं असतं.
पण रात्री वाटत राहिलं,
धनगरवाड्यावरची एखादी मांजर असेल,
खरोखर असेल, तिथं शिकारीला जाणारी.
किंवा आई घरची, बाप रानातला.
ही तपासणी फक्त आईकडचं वाचते,
बाप वाघाटी असता
तरी तिनं मला सांगितलं नसतं.
मला जे पाहिजे होतं
ते मी कुठल्याही नळीत शोधलं असतं, हे कळलं,
आणि तरी शोधत बसले दीडपर्यंत.

आई मांजराला शिंकायची.
गडहिंग्लजच्या घरी सात वर्षं
मी एक पिल्लू गवताच्या गंजीत लपवून ठेवलं.
ते पिल्लूच राहत नसतं, हे सोडून
बाकी सगळं तिला माहीत असणार.
तिचं नाक आलं माझ्याकडे,
तिचे चढे दात आले, मधुमेह येऊ घातलाय.
शिंक नाही आली.
ती कुठं गेली हे मला कुठल्याच
गुणसूत्रावर दाखवता येणार नाही.

वहीत सतरावर आडवी रेघ मारली.
बाद. कारण : संशोधक.
खोडून लिहिलं : दूषित.

बिरूला फोन केला, खरं ते सांगितलं.
तो बराच वेळ गप्प. मागं कुत्रं भुंकत होतं.
"म्हंजे तुमच्याच मांजराची निघाली व्हय," म्हणाला,
"मग परत या की.
काल माझी तुर्रेवाली गेली खुराड्यातनं,
पिसंबी न्हाई ऱ्हायलं.
ती काय तुमच्या भडंगानं खाल्ली?"

शनिवारची एसटी सहाची आहे.
स्वेटर दोनदा धुऊन तारेवर टाकलाय.
कॅमेऱ्याची बॅग उघडली, तर
लेन्सच्या कप्प्यात काकवी, गोल,
एक डोळा उघडा ठेवून झोपलेली.