लांब एस

नाउमबुर्गच्या मागल्या गल्लीत, बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्याला लागून
इर्मट्राउट बाईंचा छापखाना.
खिळ्यांचे चौऱ्याऐंशी खण, त्यातले तेरा काळ्या अक्षरांचे.
त्या तेरांना बाई नुसतं "म्हातारे" म्हणतात.

अक्षरं अशी, की बोरू तिरपा छाटून
कोणी रागारागाने लिहायला बसावं
आणि अर्ध्या ओळीत राग ओसरावा.
उभ्या दांड्या जाड, एकमेकींना खेटलेल्या.
गोलाई औषधालाही नाही, 'ओ'सुद्धा कोपरांवर उभा.
वळायची वेळ आली की मोडतात,
आणि मोडल्या जागी
केसाएवढी एक रेघ,
चुकलं म्हणावं तशी, हळूच.

"सगळी मोठी अक्षरं लागोपाठ नकोत," बाई गिऱ्हाइकाला बजावतात,
"एका म्यानात दहा तलवारी. वाचणार कोण?
एक मोठं, मागे लहान. आणि आकार असा की रस्त्यापलीकडून दिसावा.
बारीक छापलं तर जळकं कुंपण."

कामं येतात ती बिअरच्या लेबलांची
(बाटलीवर मठ आहे, मठात आता हॉटेल),
'तीन बगळे' खाणावळीच्या पाटीची,
औषधाच्या दुकानाच्या शंभरीची,
एका कर्कश बँडच्या पोस्टरची,
ज्यावरचं नाव बँडवाल्यांनाच लागेना.

एकदा दोघे आले, डोकी गुळगुळीत, हातात घोषणा.
बाईंनी खण अर्धा ओढला, परत ढकलला.
"शाई संपलीय."
हात कोपरापर्यंत काळे.

ती जुनी राजवट याच अक्षरांत गुरगुरली होती,
मग एका फर्मानाने यांनाच परकं ठरवून मोकळी झाली.
फर्मानाच्या माथ्यावरची छपाई मात्र
याच अक्षरांत.
खिळ्यांना कोण विचारतं? शिसं ते.

मंगळवारी टिल्मान आला, ट्रकच्या डेपोतून थेट.
बाही सारली. "इथे आजीचं नाव गोंदवायचंय.
आधी कागदावर द्या."
रोझिने.
बाईंनी सहा खिळे जुळवले. तिसरा, लांब एस:
एफचा जुळा भाऊ,
आडव्या दांडीचा उजवा तुकडा तेवढा नाही.

"रोफिने?" टिल्मान हसला.
"लोक तसंच वाचणार. शब्दाच्या शेवटी येतो
तो आखूड एस बसवते. चूक आहे, पण कळेल."

त्याने खिशातून भांडी पुसायच्या फडक्याची घडी काढली.
कोपऱ्यात लाल दोऱ्याने नाव.
तिसरं अक्षर उंच, वाकलेलं,
दांडी डावीकडे दोन टाके, उजवीकडे कोरं कापड.

"मग विचारू देत लोकांना," तो म्हणाला.

बाईंनी रूळ फिरवला. एकच प्रत काढली.
ओला कागद खिडकीशी नेऊन
भिंगाखाली आधी उजवी बाजू पाहिली.

कोरी होती.